वहीत न लिहिलेली गोळी

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जमेल तेवढीच वाकले आहे. उरलेला नमस्कार भेटीत.) तुमची प्रकृती कशी आहे? झोप, भूक, गुडघे, डोळे, सगळ्यांची वेगवेगळी चौकशी केली आहे असं समजा. तुमच्या बागेतल्या झाडांचीही केली आहे, कारण मागच्या खेपेला ती राहिली तेव्हा तुम्ही पुढचे दोन महिने आठवण करून देत होतात. या कागदाच्या मागच्या बाजूला छापील चौकोन आणि रकाने दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका. ते हॉस्पिटलातले चुकलेले फॉर्म आहेत. एक बाजू पूर्ण कोरी असताना ते टोपलीत टाकत होते, ते मला बघवेना. मागून घेतले.

पत्र कशासाठी, असं तुम्ही मनात म्हणाल. फोन करावा तर हे शेजारीच बसलेले असतात, आणि तुमचा फोन म्हटला की यांचे दोन्ही कान तिकडे. शिवाय फोनवर तुम्ही 'मी बरी आहे, तुझं सांग' असं म्हणून दीड मिनिटात ठेवून देता. मला जे सांगायचं आहे ते दीड मिनिटाचं नाही. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या पत्रात तुमच्याकडे काही मागणं नाही, तक्रार नाही, आणि कुणाला दोष देण्याचा हेतू तर मुळीच नाही. झालं ते जसंच्या तसं कळवावं, एवढंच. (दोष कुणाचा ते वाचताना आपोआप लक्षात येईल.)

यांचं हृदय थकलं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोघा भावंडांचं एकच दुखणं, आणि तुमचं दोन वर्षं आधी निघालं म्हणून या बाबतीतला मोठेपणाही तुमच्याकडेच. यांच्या पायांना सूज आली, उताणं निजलं की जीव घाबरायला लागला, तेव्हा आम्ही इथल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी यांना वाचवलं. बाई बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक, पण त्या बोलायला लागल्या की वॉर्डात भांड्याचाही आवाज होत नाही. घरी सोडताना त्या म्हणाल्या, आम्ही एक अभ्यास करतो आहोत, त्यात तुम्ही याल का. थकलेल्या हृदयाची औषधं वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना कशी लागू पडतात, असा तो अभ्यास. जुन्या काळी ही औषधं तपासली तेव्हा तपासायला घेतलेली माणसं बहुतेक एकाच प्रकारची होती. गोळीचं माप त्यांच्यावरून ठरलं आणि तेच सगळ्या जगाला लावलं. हे ऐकल्याबरोबर हे खुर्चीत सावरून बसले. तुम्हाला माहीत आहे, एकोणतीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक म्हणून यांनी दुकानादुकानांतले काटे तपासले. एकाच गावचं माप सगळ्या गावांना लावलंय म्हटल्यावर यांना घरी बसवणं शक्यच नव्हतं. फॉर्म न वाचताच सही करत होते, मी हात धरला.

मी वाचला. त्यात तुम्ही कोणत्या लोकांतले, असं विचारून पुढे पाच चौकोन होते. पाचांत आपण कुठेच नाही. सहावा चौकोन होता, त्यावर 'इतर'. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण घरखर्चाची वही एकेचाळीस वर्षं लिहिते आहे आणि 'इतर' म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. ज्याचा पत्ता लागत नाही ते 'इतर'मध्ये जातं. मी म्हटलं, आम्हाला 'इतर'मध्ये घालू नका, आमचा पत्ता आहे. कागदपत्रांचं बघणाऱ्या बाई (त्यांना आम्ही आपसांत रकानेबाई म्हणतो) माझ्याकडे बघतच राहिल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हातानं सातवा चौकोन आखला आणि त्यात आपल्या लोकांचं नाव लिहिलं. त्या चौकोनात पुढे हळूहळू यांच्यासकट बारा माणसं जमली. सगळ्या अभ्यासात आपली बारा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझी झोप उडवली.

दर गुरुवारी तपासणी. बाहेरच्या लांब बाकावर आमच्या शेजारी नेहमी दोघं असत. एक जहाजावरचे निवृत्त आचारी, उंच, काळेभोर, आवाज असा की हळू बोलले तरी लिफ्टपर्यंत जावा. त्यांना सगळे कप्तान म्हणत, आणि आपण जन्मभर कांदे चिरले हे ते कुणाला कळू देत नसत. दुसऱ्या शिवणबाई, पूर्वेकडच्या, चिमणीएवढ्या, पर्समध्ये कायम टेप आणि टाचण्या. तिघांना दुखणं एक, आणि सुरुवातीला गोळीही एकच. पण त्या गोळीने शिवणबाईंना असा कोरडा खोकला लागला की मशीनवर शिलाई सरळ येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडच्या लोकांत हा खोकला जास्त बघायला मिळतो. त्यांना दुसरी दिली. कप्तानांचा एक दिवस ओठ सुजला, इतका की तो आधी आत यायचा आणि मागून कप्तान. त्यांच्या लोकांत हेही थोडं जास्त होतं म्हणे. त्यांची तर ती गोळी कायमची बंद केली आणि वेगळीच जोडी दिली, ती त्यांना छान मानवली.

"आणि आमच्या लोकांचं काय?" मी विचारलं.

"तुमच्या लोकांबद्दल ठामपणे सांगण्याइतकी माहितीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला घेतलं."

खरं सांगते वन्सं, मला पंगतीत पान न मांडल्यासारखं वाटलं. खोकला नाही, सूज नाही, निदान काहीतरी आपलं असं असावं की नाही. कप्तान मला समजवायला गेले, "बाई, ओठ सुजण्यात काही मोठेपणा नाही." पण ज्याचा सुजतो त्याला तसं म्हणायला काय जातं.

आता वहीबद्दल. अभ्यासातल्या प्रत्येकानं रोजची नोंद ठेवायची असते. सकाळी वजन, दिवसभरात पाणी किती, प्रेशर किती, गोळ्या कोणत्या आणि किती वाजता. हे काम माझ्याकडे आलं हे सांगायला नको. लाल रेघ, निळी रेघ, प्रत्येक पानाच्या वर देवाचं नाव. यांनी बाजारातून आणलेला वजनकाटा आधी स्वतः तपासला. ऑफिसातल्या मित्राकडून सरकारी वजनं मागवून, गुडघे टेकून, अर्धा दिवस. काटा सत्तर ग्रॅम जास्त दाखवतो असं निघालं, म्हणून रोज सत्तर ग्रॅम वजा करून लिहायचं ठरलं. रकानेबाई म्हणाल्या, सत्तर ग्रॅमनं काही फरक पडत नाही. हे म्हणाले, "प्रत्येक दुकानदार मला हेच सांगायचा." तर अशी ती वही. दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी ती बाकावरच्या सगळ्यांना उघडून दाखवली. नोंद कशी असावी तर अशी, म्हणाल्या. मी मान खाली घातली, पण कान वरच होते. देवाला सांगितलं, हे तुझ्याच कृपेनं. (मनातून वाटत होतं, थोडं माझ्या लाल रेघेनंही.)

आणि त्याच आठवड्यात तुमचं पार्सल आलं.

चपटा डबा, त्यात गोळ्यांच्या चार पट्ट्या, एकेकीत चौदा. तुमचा निरोप मला शब्दशः पाठ आहे, कारण नंतर तो मला चार जणांसमोर म्हणून दाखवावा लागला. तुम्ही म्हणालात, "आमच्या डॉक्टरांनी मला आता वेगळ्या दिल्यात, या नुसत्या पडून आहेत. बाळला दे. एका आईची लेकरं आम्ही, मला लागू पडलं ते त्याला पडणारच. आणि त्या डॉक्टरणीला विचारत बसू नकोस, डॉक्टरांना दुसऱ्याचं काही पटत नाही." मी विचार केला. अगदी उडत उडत नाही, व्यवस्थित केला. दोन महिने मी बाकावर बसून ऐकत होते की औषध माणसाच्या रक्तावर जातं. डॉक्टरीणबाई त्यासाठी अकरा परकी माणसं गोळा करून बसल्या आहेत, का, तर ती आपल्या लोकांतली. मग सख्ख्या बहिणीएवढं जवळचं रक्त त्यांना कुठे मिळणार? जो शोध त्या दोन वर्षांनी लावणार, तो तुम्ही डब्यात घालून पाठवलेला. आणि छप्पन्न चांगल्या गोळ्या, मुदत न संपलेल्या, फेकून द्यायच्या हे मला या जन्मी जमणारं नाही. मी यांना सांगितलं, ताकदीची गोळी आहे. यांनी हातावर ठेवली ती तोंडात टाकली. हे बाहेर कितीही काटेकोर असोत, घरात हातावर ठेवलेलं काही तपासत नाहीत.

वहीत मात्र लिहिली नाही. खोटं लिहायचं नाही असा माझा नेम आहे आणि मी खोटं काहीच लिहिलं नाही. फक्त एक ओळ लिहिली नाही. त्या दिवशी तो फरक मला फार मोठा वाटला होता.

पहिले चार-पाच दिवस प्रेशर रोज एखाद्या आकड्यानं उतरलं, मी ते ठीकच धरलं. मग प्रेशर एकशे अठरावरून शंभरावर आलं. मग अठ्ठ्याण्णव. हे उठले की भिंत धरायला लागले. एका सकाळी न्हाणीघरात धप्प असा आवाज झाला. मी धावले तर हे बादलीशेजारी बसलेले, ओठ पांढरे, आणि मला म्हणतात, "काही नाही, साबण शोधत होतो." साबण हातातच होता. मशीन लावलं, शहाऐंशी. गुरुवारची वाट न बघता रिक्षा केली. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली, प्रत्येक नोंद बोटानं वाचली, आणि यांची मुख्य गोळी निम्म्यावर आणली. पुढच्या आठवड्यात प्रेशर अजून खालीच, म्हणून पाव केली. रक्त तपासलं तर त्यातला पोटॅशियम नावाचा क्षार वाढलेला, म्हणून आणखी एक औषध थांबवलं. मला वाटलं, बाई हात आखडता घेताहेत. (मला काटकसर कळते. पण औषधात काटकसर बघितली नव्हती.) आणि मनात काय आलं, तेही लिहिते. मनात आलं की डॉक्टरीण कमी करते आहे ते करू दे, वन्संची गोळी आहे म्हणून बरं, निदान तेवढा तरी आधार आहे. त्या आधाराचा मी एक दिवस खाडा केला नाही.

औषधं कमी झाली तशी पायाची सूज परत आली. पाच दिवसांत वजन दोन किलोनं वर, सत्तर ग्रॅम वजा करूनही. हे उशाला तीन उशा घ्यायला लागले. स्वयंपाकघरात मी भाजी चिरत असले की बाहेरून यांच्या श्वासाचा आवाज यायचा, करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा. मी विळी थांबवून मोजायची. एका मिनिटात अठ्ठावीस. ते वहीत लिहायची. बघा, सगळं लिहीत होते.

मागच्या गुरुवारी यांना दाखल करून घेतलं. यांना आत पलंगावर ठेवलं आणि मला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर मोठा तक्ता होता, आपल्या सातव्या चौकोनातल्या बारा माणसांचा. प्रत्येकाची एक रेघ. अकरा रेघा जवळजवळ सपाट, आणि एक रेघ मध्येच कड्यावरून उडी मारावी तशी खाली. ती यांची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, मला वाईट वाटतं, पण हे औषध यांना सोसत नाही. पाव गोळीही नाही. आता पूर्ण बंद करावं लागेल. आणि त्याच्या तोडीचं दुसरं माझ्याकडे नाही." मग रकानेबाईंकडे वळून म्हणाल्या की आज दुपारी बाहेरचे डॉक्टर येणार आहेत, त्यांना हे दाखवू. बारांपैकी एकाला इतका त्रास म्हणजे या लोकांना सुरुवातच कमी मापानं करायला हवी का, हा प्रश्न मांडावा लागेल.

मी तक्त्याजवळ गेले. खाली तारखा होत्या. मला तारखा वाचायची सवय आहे, दुसरं काही कळलं नाही तरी तारीख कळते. ती रेघ जिथून खाली घसरायला लागली होती, ती तारीख मला पाठ होती. तुमचं पार्सल आल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

वन्सं, मी 'जरा जाऊन येते' म्हणून बाहेर पडले आणि पाण्याच्या नळापाशी उभी राहिले. तिथे एक चाकाची खुर्ची होती, तिच्यावर कुणीतरी स्वेटर विसरलेलं. त्या स्वेटरकडे बघत मी देवाला म्हटलं, बोलले तर सगळ्यांसमोर माझी अब्रू जाते, वही खोटी ठरते, आणि हे पुन्हा कधी माझ्या हातावरची वस्तू डोळे मिटून खाणार नाहीत. न बोलले तर यांचं खरं औषध बंद होतं. देव काही बोलला नाही. त्याची ती सवय जुनीच आहे, पण त्या दिवशी मला तिचा राग आला. मी जपाला बसावं तसा एक हिशोब मांडला. आजपासून गुपचूप तुमची गोळी बंद केली, तर यांचं प्रेशर वर येईल, कुणाला काही कळणार नाही. पण डॉक्टरीणबाई मुख्य गोळी तोवर बंद करून टाकणार, आणि प्रेशर वर आलं ते ती बंद केल्यामुळेच असं समजणार. म्हणजे माझ्या गुपचूप शहाणपणानं यांचं औषध कायमचं जाणार. कुठूनही मोजलं तरी उत्तर तेच येत होतं. तेवढ्यात कप्तान तिथे पाणी प्यायला आले. माझं तोंड बघून म्हणाले, "काय बाई, ओठ सुजला की काय?" मी त्यांच्या हातातलं पाणी घेऊन प्यायले आणि परत आत गेले.

डॉक्टरीणबाई यांच्या पलंगाशी होत्या. रकानेबाई होत्या, नर्स होती, आणि हे तीन उशांवर टेकून बसलेले. मी पिशवीतून डबा काढून पलंगावर ठेवला आणि म्हटलं, "ही एक ओळ वहीत लिहायची राहिली आहे. तेवीस दिवसांची."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उचलली, नाव वाचलं, उलटी केली, पुन्हा वाचलं. नर्सनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. "ही गोळी आणि आमची गोळी एकाच जातीच्या कामाच्या," त्या म्हणाल्या. "दोन्ही मिळून प्रेशर खाली ओढतात आणि क्षार वर चढवतात. आठवडाभर अजून असंच चाललं असतं, तर हा तक्ता बघायला मी तुम्हाला बोलावलं नसतं. दुसऱ्याच कामाला बोलावलं असतं."

मी तुमचा निरोप म्हणून दाखवला, एका आईची लेकरं वगैरे. आणि विचारलं, रक्ताचंच बघायचं तर बहिणीचं का चालत नाही. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि अगदी थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "वंश म्हणजे सरासरी, बाई. खूप माणसं एकत्र केली की कुठे जास्त लक्ष ठेवायचं ते कळतं, एवढंच. आणि सरासरी माणूस आजपर्यंत एकदाही माझ्या दवाखान्यात आलेला नाही. जो येतो त्याचं मूत्रपिंड वेगळं, वय वेगळं, आधीच्या गोळ्या वेगळ्या. सख्खी भावंडंसुद्धा दोन माणसं असतात."

रकानेबाई मात्र उभ्याच होत्या. "तुमची वही आम्ही सगळ्यांना दाखवली होती," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मला यांच्याकडे बघायचं धाडस होईना. मग हे करवतीच्या त्या आवाजातून म्हणाले, "एकोणतीस वर्षं लोकांच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधून काढलं. घरचं पारडं उलटं करून बघावं हे काही सुचलं नाही." आणि हसले. हसताना ठसका लागला. नर्सनं मला बाजूला केलं आणि उशी सारखी केली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

त्या दुपारी बाहेरचे डॉक्टर आले, पण तक्ता त्यांना दाखवला नाही. रकानेबाईंनी यांच्या रेघेवर तारखेपासून तिरपी काट मारली आणि शेजारी कारण लिहिलं. कारणात माझं नाव नाही, 'घरातून जादा औषध' एवढंच आहे. ते वाचून मला उगीच 'इतर'ची आठवण आली. तुमची गोळी बंद होऊन आज सात दिवस झाले. तिसऱ्या दिवशी प्रेशर शंभरावर आलं, काल एकशे चौदा. क्षार उतरला. मुख्य गोळी पावावरून वाढवून निम्म्यावर आणली आहे, सूज घोट्याच्या खाली गेली आहे, उशा दोनवर आल्या आहेत. अजून आठ दिवस तरी ठेवून घेणार. धोका पूर्ण टळला असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. त्या तसं कधीच म्हणत नाहीत, हे मला आता समाधानाचं वाटतं. वही परत माझ्याकडेच दिली आहे, पण रोज संध्याकाळी नर्स येऊन माझी पिशवी बघते. बघू दे. तिला पिशवीत जपमाळ, चष्मा आणि अर्धं बिस्किट सापडतं.

तर असं झालं. दोष मी सगळ्यांसमोर माझ्यावर घेतला आहे. तुमचं नाव मी फक्त निरोपापुरतं घेतलं, आणि तो निरोप चार जणांनी ऐकला. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. तुमचा डबा धुऊन ठेवला आहे. गोळ्या डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतल्या, तेहतीस, मोजून दिल्या. त्या परत मिळणार नाहीत.

दुसरा ता. क. वर लिहिलं की काही मागणं नाही. ते खरं नाही. त्या दिवशी सगळं बोलून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, आणि तो मी वर लिहिला नाही. त्यांनी विचारलं, "या गोळ्या ज्यांच्या आहेत, त्या सध्या काय घेतात?" मी म्हटलं, त्यांना वेगळ्या दिल्यात. मग रात्री नाही, तिथेच बसून मी चष्मा लावून पट्ट्यांवरची औषधवाल्याची चिठ्ठी वाचली. दोन पट्ट्या पार्सलच्या आठवड्यात घेतलेल्या. दोन त्याच्या आदल्या महिन्यातल्या. ज्यांना गोळी बदलून दिली, त्यांनी तीच गोळी दोन महिने विकत का घ्यावी? आणि चारही पट्ट्या आल्या तेव्हा अखंड होत्या, एकही कप्पा फुटलेला नव्हता. वन्सं, तुम्हाला कुणी वेगळ्या दिलेल्या नाहीत. तुम्ही तुमच्या वाटच्या गोळ्या न घेता साठवल्यात आणि बाळला पाठवल्यात. मी परवा फोन केला तो याचसाठी. तुम्ही म्हणालात मी बरी आहे. पण तुम्ही जिना चढून आल्यासारखं बोलत होतात, आणि तुमच्या घराला जिना नाही. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, उरलेल्या परत पाठवू का. त्या म्हणाल्या, "गोळ्या पाठवू नका. माणूस इकडे आणा. आणि लवकर."

तिसरा ता. क. हे पत्र घेऊन आलेले गृहस्थ म्हणजे आमच्या शिवणबाईंचे जावई. त्यांची गाडी तुमच्या दाराशी उभी आहे. चार तास गाडी चालवून आले आहेत, त्यांना जरा पाठ टेकायला हवी होती, म्हणून पत्र मुद्दाम लांबवलं. एव्हाना त्यांची विश्रांती झाली असेल. जायचं-यायचं भाडं एकदमच ठरवलं आहे, गाडी रिकामी परत आली तरी तेवढंच पडणार, हे तुम्ही लक्षात घ्यालच. दोन कपडे, चष्मा आणि तुमच्या डॉक्टरांचे सगळे कागद घ्या. मागच्या सीटवर दोन उशा ठेवल्या आहेत, टेकूनच बसा, वाटेत बोलू नका. यांना तुमच्या तब्येतीबद्दल काहीही सांगितलेलं नाही, त्यांच्या प्रेशरला ते आत्ता झेपणार नाही. आल्यावर विचारलं तर म्हणा, मला रागवायला आलात. त्यांचा लगेच विश्वास बसेल.